साप्पोरोचा ताळेबंद

नोव्हेंबर १९९७ मधली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत शेतकी कर्जांचे काम पाहत होतो. दुपारचा व्यवहार संपला होता, कॅश मिळाली होती, आणि चहा येईपर्यंत मी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. अर्थविषयक पानावर जपानमधली एक मोठी बँक बुडाल्याची बातमी होती. आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाखा ‘मामा’ म्हणत असे, चहाचा ग्लास टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, “साहेब, जपानातसुद्धा बँक बुडते?”

मी म्हटले, “बुडाली खरी, मामा. पण ठेवीदारांचा पैसा सरकार बुडू देणार नाही म्हणतात.”

मामा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ते बरं झालं. पण ज्यांची कर्जं तिथं चालू होती, त्यांना आता कोण दारात उभं करणार?”

मला उत्तर सुचले नाही. बँक बुडाली की आपण सगळे ठेवीदारांची काळजी करतो आणि ती योग्यच आहे. कर्जदाराची काळजी मात्र कोणी करत नाही. मामांची स्वतःची चार एकर कोरडवाहू जमीन होती, म्हणून त्यांना ती सुचली असावी. त्या बँकेचे नाव होते होक्काइदो ताकुशोकु बँक आणि तिचे मुख्य कार्यालय होते साप्पोरो या शहरात. पुढे निवृत्तीनंतर एका फेब्रुवारीत चार दिवस त्या शहरात राहण्याचा योग आला, तेव्हा मामांचा प्रश्न बरोबर घेऊनच मी गेलो. आज साप्पोरोचे नाव पुन्हा बातम्यांत येते आहे, ते तिथून जवळच उभ्या राहणाऱ्या संगणकी चिपच्या कारखान्यामुळे. म्हणून या शहराचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा असे वाटले.

बर्फाच्या मुलखातले महानगर

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सगळ्यांत उत्तरेचे ते होक्काइदो. क्षेत्रफळ सुमारे ८३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. जपानच्या एकूण भूमीचा पाचव्या हिश्श्याहून मोठा भाग या एका बेटाने व्यापला आहे. देशातली सुमारे एक चतुर्थांश शेतजमीन इथे आहे आणि निम्म्याहून अधिक दूध इथून येते. बटाटा, कांदा, गहू, साखरेचे बीट ही इथली पिके. जपानचे सरासरी शेत आपल्याएवढेच लहान असते, पण होक्काइदोचे शेत पाहिले की अमेरिकेची आठवण यावी, आणि तशी ती यावी अशीच मूळ योजना होती. त्याकडे पुढे येऊच.

या बेटाच्या पश्चिम अंगाला इशिकारी नदीचे मैदान आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, तोयोहिरा नदी डोंगरातून उतरून पसरते तिथल्या गाळाच्या जमिनीवर साप्पोरो वसले आहे. नाव जपानी नाही. या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ऐनू लोकांच्या भाषेतले ते आहे. त्याचा एक प्रचलित अर्थ कोरडी, मोठी नदी असा सांगतात. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि ते इथे बर्फाच्या रूपाने टाकतात. एका हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाची बेरीज केली तर ती पाच मीटरच्या जवळ जाते. दहा-वीस लाखांच्या वस्तीचे आणि इतका बर्फ झेलणारे शहर जगात क्वचितच सापडेल.

बर्फ पाहायला मजा वाटते, पण तो उचलायला पैसे पडतात. साप्पोरो महापालिका बर्फ हटवण्यावर वर्षाला दोन हजार कोटी येनहून अधिक खर्च करते. रात्री शहर झोपले की यंत्रे निघतात, रस्ते खरवडतात आणि ट्रक भरभरून बर्फ शहराबाहेर नेऊन टाकतात. वसंतात तो आपोआप वितळतो, म्हणजे एवढ्या खर्चातून उरत काहीच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एवढा बर्फ कोसळला की साप्पोरो स्थानकात येणारी-जाणारी सगळी रेल्वे थांबवावी लागली. पण माणूस संकटाचाही सण करतो. १९५० साली शाळकरी मुलांनी ओदोरी या चौकात बर्फाचे सहा पुतळे केले, त्यातून आजचा जगप्रसिद्ध हिमोत्सव जन्माला आला.

कागदावर आखलेली राजधानी

आपल्याला जपान म्हटले की क्योतोची देवळे आठवतात. साप्पोरोला तसा भूतकाळ नाही. १८६९ साली मेइजी सरकारने या बेटाचे ‘एझो’ हे जुने नाव बदलून ‘होक्काइदो’ केले आणि ‘कैताकुशी’ नावाचे विकास खाते स्थापन केले. रशिया उत्तरेकडून सरकत होता. बेट रिकामे राहिले तर हातचे जाईल, ही भीती होती. त्याच वर्षी शिमा योशिताके या अधिकाऱ्याने राजधानीच्या आखणीस सुरुवात केली.

नकाशा पाहिला तर शहर बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. सोसेई हा कालवा पूर्व-पश्चिम भाग वेगळे करतो, तर ओदोरी हा रुंद पट्टा उत्तर-दक्षिण भाग वेगळे करतो. आज ओदोरीत झाडे, कारंजी आणि बाके आहेत. मुळात तो आग पसरू नये म्हणून राखलेला मोकळा पट्टा होता. त्याच्या उत्तरेला सरकारी कचेऱ्या आणि दक्षिणेला सामान्य लोकांची वस्ती अशी वाटणी होती. आग लागणार ती रयतेच्या बाजूला, हे सरकारने गृहीतच धरले होते!

या खात्याचे सूत्रधार कुरोदा कियोताका यांनी अमेरिकेचे कृषी आयुक्त होरेस केप्रन यांना १८७१ साली सल्लागार म्हणून आणले. १८७६ साली साप्पोरोत शेतकी महाविद्यालय निघाले. मॅसॅच्युसेट्सहून आलेले विल्यम क्लार्क तिथे जेमतेम आठ महिने राहिले, पण निरोप घेताना विद्यार्थ्यांना त्यांनी दिलेला ‘मुलांनो, महत्त्वाकांक्षा बाळगा’ हा मंत्र आजही जपानचे शाळकरी पोर सांगू शकते. त्याच महाविद्यालयातून इनाझो नितोबे आणि कांझो उचिमुरा यांच्यासारखी माणसे निघाली, आणि आजचे होक्काइदो विद्यापीठ उभे राहिले. त्याच १८७६ साली सरकारी मद्यनिर्मितीही सुरू झाली. ‘साप्पोरो’ हे नाव आज जगभरच्या दुकानांत बिअरच्या डब्यावर दिसते, त्याचे मूळ या सरकारी कारखान्यात आहे.

विद्यापीठापासून बिअरपर्यंत सगळे सरकारी पैशाने आले. दहा वर्षांत एक कोटी येन खर्चायची योजना होती, प्रत्यक्षात सुमारे एक कोटी चाळीस लाख खर्च झाले. १८८१ साली मुदत संपत आली तेव्हा कुरोदांनी ही सारी मालमत्ता विकायला काढली. किंमत ठरली चार लाख येनांहूनही कमी, तीही तीस वर्षांच्या हप्त्यांनी, बिनव्याजी! आणि घेणारे कोण, तर कुरोदांच्याच सात्सुमा प्रांतातल्या मंडळींशी संबंधित लोक, असे वर्तमानपत्रांनी छापले. असा प्रस्ताव आमच्या शाखेत आला असता तर मंजुरीसाठी वर पाठवायचे धाडस कोणी केले नसते. देशभर गदारोळ उठला. विक्री रद्द झाली आणि त्या राजकीय वादळातच सम्राटाच्या नावे घोषणा झाली की १८९० साली देशात संसद भरेल. जपानच्या संसदेच्या इतिहासात साप्पोरोच्या या फसलेल्या लिलावाचा वाटा असा आहे.

एकाच महिन्यातले दोन कायदे

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. ज्या जमिनीवर हा सगळा पट मांडला गेला, ती कोणाची होती?

ऐनू लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ते नदीतले साल्मन मासे, रानातली हरणे आणि थोडी शेती यांवर जगत. त्यांच्यात जमिनीच्या मालकीचा कागद नव्हता, म्हणून सरकारने जमीन बिनमालकीची ठरवली. मासेमारी आणि शिकारीवर बंधने आली. १८७५ साली रशियाशी करार होऊन साखालिन बेट रशियाकडे गेले तेव्हा तिथल्या आठशेहून अधिक ऐनूंना साप्पोरोजवळच्या त्सुइशिकारी येथे आणून वसवले. पुढे दहा-अकरा वर्षांत पटकी आणि देवीच्या साथींत त्यांतले तीनशेहून अधिक लोक दगावले.

१८९७ साली सरकारने पडीक सरकारी जमिनीचा कायदा केला. भांडवलदाराने अर्ज करावा, लागवड करून दाखवावी आणि जमीन फुकट घ्यावी. शेतीसाठी कमाल मर्यादा होती पंधरा लाख त्सुबो, म्हणजे सुमारे पाचशे हेक्टर. दोनच वर्षांनी, मार्च १८९९ मध्ये, ऐनूंच्या ‘संरक्षणाचा’ कायदा आला. त्यात प्रत्येक ऐनू कुटुंबाला शेतीसाठी जमीन देऊ केली होती. कमाल मर्यादा पंधरा हजार त्सुबो, म्हणजे सुमारे पाच हेक्टर. परक्याला पाचशे आणि घरच्या मालकाला पाच, असा हा हिशेब! शिवाय पंधरा वर्षांत लागवड झाली नाही तर जमीन परत जायची. चांगली जमीन आधीच वाटली गेली होती, त्यामुळे अनेकांच्या वाट्याला दलदल किंवा उतार आला.

त्याच मार्च १८९९ मध्ये दुसरा कायदा झाला, तो होक्काइदो ताकुशोकु बँकेचा. ‘ताकुशोकु’ म्हणजे नवी जमीन लागवडीखाली आणून तिथे वस्ती करणे. १९०० साली बँक सुरू झाली. भांडवलात सरकारचाही वाटा होता. काम एकच, जमीन तारण घेऊन दीर्घ मुदतीची कर्जे द्यायची. आपल्याकडच्या भूविकास बँकांचे जे काम होते तेच.

हे दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले तेव्हा माझ्यातला जुना कर्ज अधिकारी दचकला. ऐनूंच्या कायद्यात एक कलम होते. दिलेली जमीन वारसाखेरीज कोणाला देता येणार नाही आणि ती गहाणही ठेवता येणार नाही. हेतू चांगला असेल, सावकाराने ती गिळू नये असा. आपल्याकडेही आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध आहेत आणि त्यांना सबळ कारणे आहेत. पण परिणाम पाहा. ज्या महिन्यात बेटावरच्या शेतकऱ्यासाठी जमीन तारण घेणाऱ्या बँकेचा कायदा झाला, त्याच महिन्यात बेटाच्या मूळ माणसाची जमीन तारणास अपात्र ठरली. त्याला बँकेचे दार उघडण्यापूर्वीच बंद झाले. मामांच्या भाषेत सांगायचे तर त्याला दारात उभे करणारे कोणी नव्हते.

१९९७

योगायोग असा की या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी संपल्या.

मार्च १९९७ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने निबुतानी धरणाच्या खटल्याचा निकाल दिला. ऐनूंच्या पवित्र जमिनीवर धरण बांधले गेले होते. जपानच्या संसदेतले पहिले ऐनू सदस्य शिगेरू कायानो हे त्या खटल्यातले एक वादी होते. न्यायालय म्हणाले, ऐनू हे मूळ रहिवासी आहेत आणि ही जमीन घेणे बेकायदा होते. पण धरण बांधून झाले होते, ते तसेच राहिले. त्याच वर्षी ऐनू संस्कृतीच्या संवर्धनाचा नवा कायदा होऊन १८९९ चा कायदा रद्द झाला. ऐनूंना कायद्यात ‘मूळ रहिवासी’ म्हणायला मात्र २०१९ साल उजाडावे लागले.

आणि १७ नोव्हेंबर १९९७, सोमवारी, ताकुशोकु बँकेने आपण पुढे चालू शकत नसल्याचे जाहीर केले.

ती कशी बुडाली? दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० साली तिचा खास दर्जा गेला आणि ती साधी व्यापारी बँक झाली. १९५५ पासून ती टोकियो-ओसाकाच्या बड्या बँकांच्या पंक्तीत बसली. त्या पंक्तीत ती सगळ्यांत लहान होती आणि तेच तिचे दुखणे ठरले. १९८० च्या दशकाअखेर जपानभर जमिनीचे भाव गगनाला भिडले. बाकीच्या बँकांनी भरपूर कमावून हात आखडता घ्यायला सुरुवात केली तेव्हा ही बँक ‘आपण मागे राहिलो’ म्हणून धावत सुटली. बांधकाम कंपन्या, विश्रामस्थळे, हॉटेले यांना तिने मोकळ्या हाताने कर्जे दिली. तारण होती तीच जमीन, फुगलेल्या भावाची. भाव पडले आणि तारण कागदापुरते उरले. १९९७ च्या एप्रिलमध्ये होक्काइदो बँकेशी विलीनीकरण जाहीर झाले, ते सप्टेंबरात बारगळले. १४ नोव्हेंबरच्या शुक्रवारी कॉल मनी बाजारात तिला कोणी पैसे दिले नाहीत. युद्धोत्तर जपानमध्ये या श्रेणीची बँक बुडण्याची ती पहिलीच वेळ. पुढे अशाच एका कर्जप्रकरणात दोन माजी अध्यक्षांना झालेली तुरुंगवासाची शिक्षा २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

तिच्या कर्जातून तोया सरोवरावरच्या डोंगरमाथ्यावर एक आलिशान हॉटेल उभे राहिले होते. १९९३ साली उघडले, बँक बुडाल्यावर बंद पडले, दुसऱ्या मालकाने २००२ साली पुन्हा सुरू केले. जुलै २००८ मध्ये जी-आठ देशांची शिखर परिषद तिथेच भरली. आपले पंतप्रधान मनमोहन सिंग निमंत्रित म्हणून तिथे गेले होते. त्याच दिवसांत इकडे अणुकरारावरून डाव्या पक्षांनी त्यांच्या सरकारचा पाठिंबा काढला. दूरदर्शनवर ते हॉटेल पाहताना ते एका बुडीत कर्जाचे तारण होते, हे किती जणांना ठाऊक असेल?

ठेवीदारांचा एक येनही बुडाला नाही. होक्काइदोतले व्यवहार होकुयो या तिच्याहून लहान स्थानिक बँकेने घेतले. पण होकुयोने चांगली खाती उचलली आणि संशयित खाती वसुली यंत्रणेकडे गेली. बँकेच्या कागदावर ‘संशयित’ म्हणजे नेहमी लबाड नव्हे. एखादा हंगाम बिघडलेला, एखादी उधारी अडकलेली छोटा व्यापारीही त्यात येतो. अशा माणसाची पत, त्याला ओळखणाऱ्या बँकेबरोबरच संपते. मामांनी नेमके त्याच माणसाबद्दल विचारले होते.

धरण आणि त्याचे पाणी

त्याच १९९७ च्या सुमारास होक्काइदोची लोकसंख्या सुमारे ५७ लाखांवर पोहोचली आणि तिथून उतरू लागली. २०२० च्या जनगणनेत ती ५२ लाख २४ हजार भरली. साप्पोरोची मात्र १९ लाख ७३ हजार होती. बेटावरच्या दर पाच माणसांमागे जवळजवळ दोन माणसे राजधानीत. १९२० साली हेच शहर लाखभर वस्तीचे होते, आणि हाकोदाते, ओतारू ही बंदरे त्याच्याहून मोठी वा तोलामोलाची होती. १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकने साप्पोरोला जगाच्या नकाशावर आणले. त्याच्या आदल्याच वर्षी भुयारी रेल्वे सुरू झाली, रबरी चाकांची.

राजधानी फुगत असताना आसपास काय घडत होते ते युबारी गाव सांगते. १९६० साली या कोळशाच्या गावात एक लाख सतरा हजार माणसे होती. तेलाने कोळशाला हरवले, १९९० साली शेवटची खाण बंद झाली. नगरपालिकेने कर्ज काढून करमणुकीची उद्याने, संग्रहालये बांधली, एका कर्जाचे दुसऱ्यात दडवले. २००७ साली सुमारे साडेतीन हजार कोटी येनांच्या बोजाखाली तिने हात वर केले. २०२० मध्ये तिथे सात हजार तीनशे माणसे उरली. एक प्राथमिक शाळा आणि एक माध्यमिक शाळा. टोकियोहून मदतीला आलेला तरुण कर्मचारी नाओमिची सुझुकी तिथेच महापौर झाला आणि २०१९ साली होक्काइदोचा राज्यपाल.

रेल्वेचेही तेच. १९८७ साली रेल्वेचे विभाजन झाले तेव्हा होक्काइदोच्या कंपनीला तोटा ठरलेलाच होता. म्हणून तिला ६८ हजार कोटी येनांचा निधी दिला, त्याच्या व्याजातून तोटा भागावा म्हणून. गृहीत धरलेला व्याजदर सात टक्क्यांहून अधिक! पुढे जपानमधले व्याज शून्याजवळ गेले. मुदत ठेवीच्या व्याजावर संसार चालवणाऱ्या निवृत्तांना हे दुःख समजावून सांगायला नको. २०१६ साली कंपनीने कबूल केले की निम्म्याच्या आसपास मार्ग एकटीच्या बळावर चालवणे तिला शक्य नाही.

गावांतली तरुण माणसे साप्पोरोला येतात, म्हणून जपानी लोक अशा शहराला लोकसंख्येचे धरण म्हणतात. टोकियोकडे वाहणारे पाणी ते अडवते. पण वरचे झरेच आटले तर धरण किती दिवस भरलेले राहणार? साप्पोरोत कारखाने थोडे. दुकाने, कचेऱ्या, दवाखाने आणि पर्यटन यांवर शहर जगते. पदवी घेतलेले तरुण पुढे टोकियो गाठतात. शहराचा जननदर देशातल्या मोठ्या शहरांत अगदी तळाशी आहे. २०२१ साली युद्धानंतर प्रथमच शहराची लोकसंख्या घटली. २०३० च्या ऑलिंपिकचा दावा ऑक्टोबर २०२३ मध्ये सोडून द्यावा लागला. बुलेट ट्रेन २०३० च्या सुमारास येणार होती, ती आता २०३८ च्या आसपास येईल असे म्हणतात.

पुन्हा एकदा सरकारी पैसा

अशा वेळी चितोसे येथे, साप्पोरोपासून चाळीसेक किलोमीटरवर, रॅपिडस कंपनीचा कारखाना उभा राहिला आहे. कंपनी २०२२ मधली, बांधकामाची सुरुवात सप्टेंबर २०२३ मधली. आयबीएमच्या तंत्राने अतिसूक्ष्म चिप बनवण्याच्या प्रायोगिक कामाला एप्रिल २०२५ मध्ये सुरुवात झाली आणि २०२७ मध्ये मोठे उत्पादन काढायचा बेत आहे. २०२५ पर्यंत सरकारने देऊ केलेली मदत सुमारे १.७ लाख कोटी येन.

मला यात १८७१ ची पुनरावृत्ती दिसते. तेव्हा भीती रशियाची होती, आज परदेशी चिपवरच्या अवलंबनाची आहे. तेव्हा अमेरिकन शेतकीतज्ज्ञ आले, आज अमेरिकन तंत्र आले. पैसा तेव्हाही टोकियोचा होता, आजही टोकियोचा. यश मिळू नये असे कोण म्हणेल? पण कर्ज मंजूर करताना आम्हाला शिकवले होते की प्रकल्प पाहावा तसा प्रकल्पाभोवतीचा माणूसही पाहावा. त्या कारखान्याच्या पगारातला पैसा युबारीच्या खरबूज पिकवणाऱ्यापर्यंत, तोट्यातल्या रेल्वेच्या शेवटच्या स्थानकापर्यंत पोहोचणार का? की चितोसे आणि साप्पोरो मिळून उरलेले बेट आणखी लवकर रिकामे करतील? या प्रश्नांना ताळेबंदात रकाना नसतो.

साप्पोरोतल्या शेवटच्या दिवशी मी ओदोरीच्या कडेला उभा होतो. ताकुशोकु बँकेचे मुख्य कार्यालय होते त्या जागी आता होकुयो बँकेची उंच इमारत आहे. खाली मिठाईची दुकाने, आत उबदार गर्दी, बाहेर भुरभुरता बर्फ. एक म्हातारे जोडपे पायऱ्यांवर बूट झटकत होते. जुन्या बँकेची खूण शोधली, पण मला ती दिसली नाही.

मामा आता हयात नाहीत. असते तर त्यांना सांगितले असते की होय, जपानातसुद्धा बँक बुडते. ठेवीदारांचे पैसे मिळतात, इमारतही नवी होते. पण ज्यांना दारात उभे करणारे कोणी उरत नाही ते एकेक करून गाव सोडतात, आणि वीस-पंचवीस वर्षांनी ते जनगणनेत दिसते.